'काही होत नाही' म्हणायच्या आधी

२१ मार्च २०२४, गुरुवार. सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं झाली होती. आमच्याकडे हळदीचे दिवस होते. रात्री उशिरापर्यंत हळद शिजवून दादा नुकताच आडवा झाला होता. मी जागाच होतो, फोन बघत पडलो होतो. आधी आवाज आला, गल्लीतून भरलेला ट्रक गेल्यासारखा. मग पत्रे वाजले, मांडणीवरचे डबे वाजले, आणि वहिनी ओरडली, "भाईर निघा!"

आम्ही सगळे अंगणात आलो. नऊ वर्षांची माझी पुतणी माझ्या कमरेला मिठी मारून उभी होती. तिचं सगळं अंग थरथरत होतं. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "गेला भूकंप. आता काही होत नाही."

अकरा मिनिटांनी जमीन पुन्हा हलली.

पहिला धक्का ४.५ रिश्टरचा, दुसरा ३.६ चा, हे नंतर बातम्यांत वाचलं. त्या रात्री ती झोपायला तयार नव्हती तेव्हा मी जास्त मोठं आश्वासन दिलं. "आता परत कधीच होणार नाही. काकावर विश्वास आहे ना?" ती म्हणाली, आहे. आणि झोपली. मला वाटलं, जमलं.

१० जुलैला, बुधवारी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५ चा धक्का बसला. केंद्र आमच्या जिल्ह्यातच, कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याच्या भागात. वहिनी शाळेसाठी तिची वेणी घालत होती. एक वेणी झालेली, दुसरी बाजू मोकळी, अशी ती अंगणात उभी राहिली. या वेळी ती मला बिलगली नाही. लांबूनच म्हणाली, "काका, तुम्ही तर म्हणले होते, परत होत नसतंय म्हणून."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय.

पोट दुखायलंय

जुलैनंतर तिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, शाळेच्या वेळेला. दवाखान्यात दाखवलं. पोटात काही नाही म्हणाले. मग घरात चर्चा सुरू झाली की पोरगी नाटक करायलीय. रविवारी कसं दुखत नाही? खरं तर रविवारीही दुखायचं, पण रविवारी कोणी विचारत नव्हतं.

तिच्या आणखी काही गोष्टी हळूहळू लक्षात आल्या. खोलीत शिरली की आधी वर पत्र्याकडे बघायची. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला तरी हातातलं सोडून दारात यायची. चप्पल उशाशी घेऊन झोपायची. आणि दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न विचारायची, "आज होईल का?" आम्ही दहा वेळा सांगायचो, "नाही गं बाई." तेवढ्यापुरता तिचा चेहरा सुटायचा. अर्ध्या तासाने तोच प्रश्न परत.

आपल्या मेंदूत बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो, अमिग्डाला. धोक्याची घंटा वाजवणं हे त्याच्या मुख्य कामांपैकी एक. घंटा वाजली की शरीर पळायची किंवा लढायची तयारी करतं. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, हातपाय गार पडतात, पचन मंदावतं, पोटात गोळा येतो. ही घंटा बिघडलेली नसते, तिने माणसाला हजारो वर्षं जिवंत ठेवलंय. चिंतेने घेरलेल्या मुलात ती एवढी हलकी होते की ट्रॅक्टरनेही वाजते. म्हणजे पोट खरंच दुखत असतं. दुखण्याचं कारण पोटात नसतं, एवढंच.

'नाटक' हा शब्द आम्ही बंद केला. पण मला छळणारा प्रश्न वेगळा होता. मी तिला जे सांगितलं ते खोटं होतं का? आणि खोटं असेल तर ते चुकीचं होतं का?

पिठाचं दूध

लहानपणी कीर्तनात ऐकलेली एक गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. द्रोणाचार्यांच्या घरी गरिबी. छोट्या अश्वत्थाम्याने दूध मागितलं, घरात दूध नव्हतं. आईने पाण्यात पीठ कालवून दिलं. लेकरू ते दूध समजून प्यायलं आणि आनंदाने नाचलं.

कीर्तनकार इथे थांबायचे आणि बायाबापड्या डोळे पुसायच्या. त्या आईला खोटारडी म्हणायची कोणाची हिंमत होईल? तिच्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतंच.

आमच्याकडेही तसंच आहे. धक्के सहन करील असं घर एका हंगामाच्या हळदीवर बांधून होत नाही. आमच्या दोन खोल्या विटांच्या, वर पत्रे. जमीन कधी हलेल हे जगातला कोणताही शास्त्रज्ञ दिवस-वेळ धरून सांगू शकत नाही. मग काकाकडे पुतणीला द्यायला काय उरतं? 'काही होत नाही' हे तीन शब्द. तेच आमचं पिठाचं दूध.

म्हणून हे शब्द म्हणणाऱ्या आईबापांवर, आजी-आजोबांवर मी रागावू शकत नाही. ते प्रेमातूनच येतात. लहानपण हे थोडं झाकून ठेवलेलंच बरं, सगळं खरं त्या कोवळ्या जिवावर कशाला टाकायचं, असंही कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. पाच वर्षांच्या पोराला भूकंपात किती माणसं मरतात याचा हिशोब सांगणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे, तो निर्दयपणा.

पण त्या गोष्टीतली एक बाब कीर्तनात सुटून जायची. पीठ-पाणी पिऊन भूक थोडी तरी भागते. माझ्या आश्वासनाने तिची भीती भागत नव्हती. उलट रोज जास्त लागत होती.

आश्वासन नेमकं कोणासाठी?

मी स्वतःला नीट तपासलं तेव्हा एक अवघड गोष्ट सापडली. 'काही होत नाही' म्हटल्यावर सगळ्यात आधी मला बरं वाटायचं. घाबरलेलं लेकरू समोर बघवत नाही. आपल्याला काही करता येत नाही याची लाज वाटते. ते शब्द म्हटले की विषय मिटतो आणि मी परत फोनकडे वळू शकतो.

तिच्या बाजूला मात्र काय होत होतं? तिचं शरीर सांगत होतं, धोका आहे. तिने दोनदा, तीनदा डोळ्यांनी बघितलं होतं की धोका आहे. आणि घरातली सगळी मोठी माणसं सांगत होती, काही नाही. मग तिने काय समजायचं? एकतर मोठी माणसं खोटं बोलतात, नाहीतर आपल्यातच काहीतरी बिघडलंय. दोन्ही बाजूंनी ती एकटीच पडत होती.

म्हणजे खोटं बोलण्यातली खरी चूक 'सत्य मोडलं' ही नव्हतीच. चूक ही होती की मी तिला तिच्या भीतीत एकटं सोडून दार लावून घेतलं होतं.

काही वर्षांपूर्वी येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा प्रयोग केला. चिंतेचा त्रास असलेल्या मुलांवर थेट उपचार न करता त्यांनी फक्त आईवडिलांसोबत काम केलं. पालकांनी दोन गोष्टी शिकायच्या. एक, मुलाला सांगायचं की तुला हे जड जातंय हे मला कळतंय, आणि तुला ते पेलेल असंही मला वाटतं. दोन, भीतीच्या आजूबाजूने घराने ज्या सवयी लावून घेतल्यात त्या हळूहळू कमी करायच्या. दर वेळी उत्तर देत बसणं, शाळा बुडवू देणं, तिच्यासाठी सगळ्यांनी अंगणात झोपणं, अशा सवयी. मुलांना थेट दिलेल्या उपचाराने जितका फरक पडतो, साधारण तितकाच यानेही पडलेला दिसला.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या घराकडे बघितलं. आम्ही 'कळतंय' हेही म्हणत नव्हतो आणि 'पेलेल' हेही म्हणत नव्हतो. आम्ही म्हणत होतो 'काही नाही', आणि शाळा बुडवू देत होतो.

न लावलेली कडी

एका रात्री आबांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बोलत बसलो होतो. विषय किल्लारीवर गेला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती बुडवून दमून झोपलेले. लातूर-उस्मानाबादकडची गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसं गेली. आमचा हिंगोली जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता, आम्ही परभणीत होतो. आबांनी सांगितलं की इथंही जमीन हलली होती आणि त्यानंतर कितीतरी दिवस लोक घराबाहेर झोपत होते.

"तुम्हाला भीती वाटली होती?" मी विचारलं.

आबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कडी कामून लावत नसतो मी?"

मला उलगडायला थोडा वेळ लागला. आमच्या घरात आबा झोपतात त्या खोलीची कडी रात्री कधीच आतून लावलेली नसते. मी जन्मल्यापासून बघतोय. थंडीत दार वाजतं, आई कुरकुरते, पण आबा कडी लावू देत नाहीत. ही त्यांची सवय आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. ती तीस वर्षांची भीती होती. तिला कोणी नाव दिलं नव्हतं, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी नातीला जवळ बसवलं आणि कडीची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, "मला बी भ्या वाटतंय, बाई. अजून वाटतंय."

मला वाटलं, झालं, आता पोरगी अजून घाबरणार. ती आबांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "मग तुम्हाला झोप कशी लागते?"

इतक्या दिवसांत तिने पहिल्यांदा नवा प्रश्न विचारला होता.

पत्र्यावरचे दगड

त्या रात्री मी तिची माफी मागितली. म्हणालो, परत होणार नाही असं मी म्हणालो ते चुकलं. ते कोणालाच माहीत नसतं.

"म्हणजे होऊ शकतो?"

"होऊ शकतो."

ती गप्प. मी पण गप्प. ती शांतता फार जड होती, तिथे काहीतरी गोड बोलून टाकावं असं जिभेवर आलं होतं. मग तिनेच विचारलं, "मग झाला तर काय करायचं?"

'होईल का' या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. 'झाला तर काय करायचं' याचं थोडं होतं. आम्ही वहीत लिहून काढलं. हलायला लागलं की डोकं झाकायचं, पलंगाखाली किंवा टेबलाखाली शिरायचं, त्याचा पाय घट्ट धरायचा. थांबलं की मोकळ्या जागेत यायचं, भिंतीपासून आणि तारांपासून लांब. दिवा लावायचा नाही, आधी गॅस बंद करायचा. मोठ्यांपैकी कोण कोणाला घेणार तेही ठरवलं. आजीला दादा, तिला मी.

तिला आकडेही सांगितले, पण तिने विचारले तेवढेच. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता, आपला ४.५ चा. फरक दोनाहून कमी दिसतो, पण रिश्टरचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी शक्ती सुमारे बत्तीस पट होते. त्या हिशोबाने किल्लारीचा धक्का आपल्यापेक्षा साडेतीनशे पट जोराचा. तिने बोटांवर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. खऱ्या गोष्टीतही दिलासा असतो, तो आपण शोधायचा आळस करतो.

मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना एक साधं आवाहन केलं होतं. पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले असतील तर काढून घ्या. आमच्या पत्र्यावरही दगड होते. मार्चपासून कोणी काढले नव्हते. आणि ही पोरगी खोलीत शिरताना रोज वर कुठे बघत होती, ते आता माझ्या लक्षात आलं. ती वेड्यासारखी बघत नव्हती. वर खरंच दगड होते.

रविवारी दादा वर चढला. एकेक दगड खाली देत गेला, मी घेत गेलो, ती मोजत गेली. सतरा निघाले. मग पत्रे हुकांनी आणि तारेने आवळून बसवले. पक्कड तिच्या हातात होती.

सशाची गोष्ट

इथे 'आणि तिची भीती गेली' असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही.

दगड काढल्यावर दोन दिवसांनी मी उत्साहात म्हणालो, चल, आज आत झोपायचं. ओढतच आत नेलं. रात्री एक वाजता ती घामाघूम होऊन उठली आणि पुढचा आठवडाभर खोलीच्या उंबऱ्यावर पाय ठेवायला तयार नव्हती. लाडाने शाळा बुडवू देणं ही एक चूक, आणि धीट करायच्या नावाखाली ढकलणं ही तिच्याच उलट बाजूची चूक.

१९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाबद्दल लिहिलं होतं. त्यांनी ससा त्याच्या मांडीवर टाकला नाही. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, लांब ठेवला. मग थोडा जवळ आणला. मग अजून जवळ. सोबत सशाला न भिणारी दुसरी मुलंही असायची. होता होता पीटर सशाला हात लावू लागला. शंभर वर्षांनंतरही भीतीवरच्या उपचारांचा गाभा साधारण हाच आहे. छोटी पायरी, सोबत, आणि पायरी किती उंच हे ठरवताना मुलाचंही मत.

आम्ही पायऱ्या केल्या. आधी दारात बाज. मग दाराच्या आत, दार उघडं. मग दार लोटलेलं, पण कडी नाही. आमच्या घरात कडी न लावायला आधीच एक भागीदार होता. शाळेचंही तसंच. पहिला आठवडा मी वर्गापर्यंत सोडायला गेलो, मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत. 'आज होईल का?' असं तिने विचारलं की आम्ही म्हणायचो, "माहीत नाही. झाला तर काय करायचं?" मग तीच वहीतलं सांगायची. महिनाभराने ती विचारताना मध्येच थांबून स्वतःच हसली.

घर हलतं ते फक्त भूकंपाने नाही

तुमच्या गावात भूकंप होत नसेल. पण तुमच्या घरातल्या एखाद्या लेकराने रात्री बापाचा कर्जावरचा फोन ऐकला असेल. आईचे रिपोर्ट लपवलेले त्याने बघितले असतील. मोठ्या बहिणीची परीक्षा, आजोबांचा श्वास, दारू पिऊन येणारं कोणी. लेकरं आपण समजतो त्याहून जास्त ऐकतात आणि आपण समजतो त्याहून कमी विचारतात. तिथेही आपण 'काही नाही, तू अभ्यास कर' असंच म्हणतो. सगळं सांगायची गरज नसते. जे सांगू ते खरं असावं, आणि त्यासोबत 'आपण काय करतोय' हे असावं, एवढं पुरतं.

आणि काही वेळा एवढं पुरत नाही. त्रास आठवडेच्या आठवडे चालला, शाळा, झोप, जेवण सुटायला लागलं, लेकरू खेळायचंही सोडून बसलं, किंवा मरणाच्या गोष्टी बोलू लागलं, तर वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे जा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. गावात कोणी दृष्ट काढत असेल, अंगारा लावत असेल तर त्या म्हातारीशी भांडत बसू नका. पाच मिनिटं सगळं सोडून ती त्या लेकराकडे बघते, एवढं तरी तिला येतं. फक्त तिथेच थांबू नका.

आमच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे. तिथे आणि आसपास कित्येक वर्षांपासून जमिनीतून गडगडाट ऐकू येतो. त्या आवाजासोबत तिथली मुलं मोठी होतायत. त्यांना 'घाबरू नका' सांगणं सोपं आहे. पण ज्या मुलाने जमिनीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलाय, त्याला आपण काय देणं लागतो? मला वाटतं, हमी नव्हे, ती आपल्याकडे नाहीच. आपण त्याला देणं लागतो ते त्याच्या कानांवरचा विश्वास, आपली सोबत आणि पत्र्यावरचे दगड काढायची मेहनत.

आपल्या भाषेत 'काळजी' शब्दाला दोन क्रियापदं लागतात. काळजी करणं आणि काळजी घेणं. पहिली माणसाला बसवून ठेवते, दुसरी उठवते. मी तिला इतके दिवस 'काळजी करू नको' म्हणत होतो, आणि घ्यायची काळजी पत्र्यावर तशीच पडून होती.

ती आता आत झोपते. चप्पल अजून उशाशी असते. परवा रात्री ट्रॅक्टर गेला तेव्हा ती उठून बसली, मी पण उठून बसलो. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"ट्रॅक्टर," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणालो. आणि दोघंही परत आडवे झालो.